असमान दंड कमावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

उजव्या हाताने लिहिणाऱ्या, जेवणाऱ्या आणि रिक्षा थांबवणाऱ्या माणसाचा उजवा दंड डाव्यापेक्षा किंचित मोठा असतोच. टेप लावला तर पाव इंच, फार तर अर्धा. हा फरक त्याच्या स्वतःखेरीज कोणाला दिसत नाही. बायकोला तर नाहीच. पण निसर्गाने दिलेल्या एवढ्याशा भांडवलावर समाधान मानणारा माणूस साधक नव्हे. फरक समोरच्या फलाटावरून दिसला पाहिजे. त्यासाठी ठाणे ते कल्याण या पट्ट्याइतकी अनुकूल भूमी नाही. इथे सकाळी लोकल आणि रात्री जिम असे दोन वेळचे शिक्षण मिळते.

प्रथम जिम निवडावी. पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावरची असल्यास उत्तम. तिथे दहा किलोच्या डंबेलच्या जोडीतला एक नग दार उघडे ठेवण्यासाठी लावलेला असतो. त्याला मुळीच हलवू नये. उजव्या हातात उरलेला दहाचा घ्यावा आणि डाव्या हातात साडेसातचा. एवढ्यानेही अर्धा अभ्यासक्रम पूर्ण होतो.

डंबेलची जोडी दुर्दैवाने शाबूत असेल तर रॉडकडे वळावे. रॉड म्हणजे एकत्र कुटुंब: थोरला ओझे उचलतो, धाकटा नुसता हात लावून उभा असतो, आणि बाहेरच्यांना दोघे मिळून संसार चालवतात असे वाटते. आरशात मात्र रॉडचे उजवे टोक आधी वर जाते आणि डावे मागाहून येते. हे ट्रेनरला दिसते, पण त्याच वेळी तो कोणाला तरी प्रोटीनचा डबा विकत असतो.

क्रम महत्त्वाचा. सुरुवात नेहमी उजव्याने करावी. दम ताजा असतो, गाणे नुकतेच बदललेले असते, बाकावरचा मित्र बघत असतो. बारा रेप झाल्यावर आणखी तीन काढावेत, कारण निघतात. मग डाव्याची पाळी. आठव्या रेपला हात थरथरला की कमरेतून झोका द्यावा, म्हणजे वजन वर जाते आणि दंडाला त्याचा पत्ता लागत नाही. दहाव्याला फोन वाजला तर घ्यावा. दंडाच्या मागे बसलेला ट्रायसेप्स तर दोन्ही बाजूंना सारख्याच निष्ठेने विसरावा. दंडाच्या जाडीत त्याचा वाटा बेटकुळीपेक्षा मोठा आहे. पण बेटकुळी आरशात दिसते आणि हा दिसत नाही.

इथे साधकाला एका घरभेद्याची ओळख करून देणे भाग आहे: मेंदू. १८९४ मध्ये येल विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की एकाच हाताला सराव दिला तरी स्वस्थ बसलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते. म्हणजे उजवा घाम गाळतो आणि डावा फुकटात शिकतो. मात्र घाबरू नये. ही वाढ मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते; तिने आकार फारसा वाढत नाही. टेपवर आपली इभ्रत शाबूत राहते.

आता लोकल. डोंबिवलीला चढल्यावर उजव्या हाताने वरची कडी धरावी आणि डाव्यात मोबाइल. सॅक पोटावर. असे रोज, वर्षानुवर्षे. याने बेटकुळी वाढेल ही समजूत या पट्ट्यात फार पसरली आहे, ती सोडावी. कडी धरून स्थिर उभे राहण्यात काम होते ते बोटांचे आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या स्नायूंचे, आणि तेही वजन हळूहळू वाढत गेले तरच फळते. शिवाय गाडी भरली की कडी धरावीच लागत नाही. गर्दी आपोआप उभे धरून ठेवते. गाडीतून उतरून शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे अंग बाहेर ठेवून बसल्यास बाहेरच्या दांड्याला धरलेल्या हाताचा जास्त व्यायाम होतो. दारात लटकणे मात्र या अभ्यासक्रमात नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांतून पडून माणसे दगावली. त्यावर विनोद सुचत नाही.

पूरक व्यायाम म्हणून ढोल घ्यावा. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, आणि आता ती गावोगावी निघते. ढोल कमरेला बांधला की एका हातात टिपरू आणि दुसरा पंजा उघडा. दोन्ही हात वाजवतात, पण सारखे काम करत नाहीत. पाडव्याआधीच्या सरावात टिपरूच्या हाताचे मनगट जे बोलू लागते ते फडके रोडवर पोहोचेपर्यंत थांबत नाही.

याहून मोठी स्वप्ने असतील तर टेनिस. डावखुऱ्या रॉड लेव्हरचा डावा हात उजव्याहून डोळ्यांना जाड दिसे, आणि त्याने १९६२ व १९६९ अशी दोनदा वर्षातली चारही मोठी विजेतेपदे जिंकली. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्यापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड आढळली. हाडापर्यंत पोहोचलेली असमानता! आपल्याकडे एवढी निष्ठा नाही.

तालमीपासून दूर राहावे. तिथे मुद्गल जितक्या वेळा उजव्याने फिरवला तितक्याच वेळा डाव्याने फिरवायला लावतात आणि वस्ताद आकडा स्वतः मोजतात. मल्लखांबावर तर दोन्ही हात सारखे नसले की माणूस खाली येतो. शरीरसौष्ठव स्पर्धांचाही नाद सोडावा: फ्रंट डबल बायसेप्स या पोझला दोन्ही बेटकुळ्या एकदम दाखवाव्या लागतात, एका बाजूने सेल्फी चालत नाही.

मोजमाप घेताना काळजी घ्यावी. उजवा दंड जिममधून येताच, रक्त भरून फुगलेला असताना मोजावा. डावा सकाळी, अंथरुणातून उठल्याबरोबर. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावण्याचा आग्रह धरणाऱ्या मित्राला चहाला पाठवावे.

एक सूचना थट्टेबाहेरची. एखादा हात व्यायाम सोडलेला नसताना बारीक होऊ लागला, मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड ढिली पडली, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे. तो मज्जातंतूंचा प्रश्न असू शकतो आणि ते काम ट्रेनरचे नाही.

काहींना मधेच पश्चात्ताप होतो. त्यांच्यासाठी परतीची वाटही आहे, पण ती फार नीरस आहे. दाराखालचा डंबेल काढून आणावा. प्रत्येक सेट डाव्याने सुरू करावा. डावा जितके रेप नीट, झोका न देता काढेल तितकेच उजव्याने काढावेत, एकही जास्त नाही. काही महिने असे करावे. यातला अवघड भाग डाव्याचा नव्हे. डावा आठवर थांबतो. मग उजव्याची पाळी येते, आठ होतात, हातात अजून सात शिल्लक असतात, समोर आरसा असतो, आणि प्रोटीनचा डबा विकून मोकळा झालेला ट्रेनर नेमका तेव्हाच मागे येऊन ओरडतो, “भाऊ, अजून दोन!”