श्री. सेल्फ-स्टार्टर यांस

प्रति,
श्री. सेल्फ-स्टार्टर,
मुक्काम इंजिनाच्या कुशीत, निर्वाह बॅटरीच्या जिवावर.

स. न. वि. वि.

पत्र मानकोली नाक्यावरून लिहितोय. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही. शेजारच्या ट्रकवाल्याला म्हटलं, कुणी हलत नाहीये, इंजिन तरी बंद करा. तो म्हणाला, "सेल्फ वीक आहे भाऊ. बंद केली तर धक्का तुम्ही मारणार का?" त्याच्या धुरात खोकता खोकता आपली आठवण झाली.

आपलं कर्तृत्व भिवंडीकरांना ठाऊक नाही, हा आपल्यावर अन्यायच. 1900 साली अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी तिसरा हिस्सा तरी विजेवर पळत होता. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट गेलं. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लाराबाई डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. नवऱ्याच्या धंद्याची इतकी स्पष्ट परीक्षा कुणी केली नसेल. मग 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी आपल्याला बसवलं. हँडल सुटलं, पेट्रोलची गाडी घरंदाज झाली, विजेची मागे पडली. आणि आपण कोण? विजेचीच मोटर! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. फोर्डची स्वस्त गाडी, टेक्ससचं तेल हेही आरोपी आहेत, पण ते परके. परक्यांचं एवढं लागत नाही.

केटरिंगसाहेबांच्या हाताला यशही कसं! 1921 मध्ये त्यांच्याच हाताखाली पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती निघाली. ते शिसं आमच्या पंपांवरून हटायला 2000 साल उजाडलं.

समजा, 1912 मध्ये आपण रजेवर असता. आमची तयारी होती हो! 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली, 1925 मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, 1930 मध्ये डेक्कन क्वीन. राहिला होता फक्त रस्ता. यंत्रमागांच्या भिवंडीला तर मोटर, पट्टा, धोटा यांचं बाळकडूच. अंजुरफाट्यावर पंपाच्या जागी बॅटऱ्या भरायचा अड्डा असता, आणि मागाची जळालेली मोटर भरून देणाऱ्या मेस्त्रीनंच ट्रकचीही भरून दिली असती. काल्हेर, दापोडे, पूर्णा इथली गोदामं मुंबईची जकात चुकवायला उभी राहिलीच असती, त्याला इलाज नाही. पण त्यांच्या दारात रात्रभर निदान घरघर नसती.

सगळं गोडच असतं असंही नाही. भारनियमनात माग आणि ट्रक एकाच फेजसाठी भांडले असते. आकडे टाकून ज्यांनी कापड विणलं, त्यांनी आकडे टाकून नाशिकही गाठलं असतं. जुन्या बॅटऱ्यांचं ॲसिड कामवारी नदीत गेलं असतं, आणि नदी साफ करायची घोषणा दर निवडणुकीला झाली असती. म्हणजे आम्ही आम्हीच राहिलो असतो. खोकला तेवढा कमी.

आता त्याच गोदामांपुढे पार्सलं घेऊन जाणाऱ्या विजेच्या तीनचाकी रांगेत उभ्या दिसतात. विलायतेत दूधवाले अशा गाड्या घेऊन पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरोघर फिरत होते. आम्हाला मात्र त्या नव्या युगाची चाहूल म्हणून दाखवल्या जातात, आणि आम्हीही 'वा!' म्हणतो.

कळावे. लोभ होता तेवढा पुरे.

आपला,
एक खोकणारा भिवंडीकर

ता. क. या विजेच्या गाड्यांत सेल्फ-स्टार्टर लागतच नाही. तेव्हा दुसरं काम बघून ठेवा. मागावर लावून देता आलं असतं, पण तिथे मोटरला अख्खी पाळी फिरावं लागतं, आणि आपली सवय दोन सेकंदांची.