आधी अ‍ॅडमिट व्हा

गरिबाला मनाचा आजार परवडत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालीच आला. शरीराच्या दुखण्याला जसा विमा देता तसाच मनाच्या दुखण्यालाही द्या, असं त्याच्या 21व्या कलमात विमा कंपन्यांना बजावलेलं आहे. कंपन्यांनी ते शिरसावंद्य मानलं. साध्या पॉलिसीत खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात तर दमडी मिळत नाही, मनासाठी गेलात तरी मिळत नाही. याहून काटेकोर समता फुले-शाहूंच्या महाराष्ट्रात आणखी कुठे दाखवा!

शहरात खासगी समुपदेशकाशी तासभर बोलायचे सहज हजार-दीड हजार रुपये पडतात. ते विम्यातून हवे असतील तर अ‍ॅडमिट व्हा. दर मंगळवारी थोडं थोडं बोलून बरं होण्याचा उतावीळपणा नको. खाट लागेल इतकं दुखणं वाढू द्या, मग कंपनीही सहानुभूतीने विचार करेल. तोवर धीर धरा, त्याला फी नाही.

टेली-मानस या सरकारच्या फोनवरच्या समुपदेशनालाही फी नाही. ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा नंबर चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. सोय खरोखर चांगली आहे, इथे चेष्टा नाही. पण मन मोकळं करायला आधी दार बंद करता यावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा, दोन मुलं, सासू आणि सासूची मालिका असताना सासूबद्दल बोलायचं कसं? गच्चीला कुलूप. संडासात जावं तर बाहेरची रांग दार बडवते. पुढच्या टप्प्यात सरकारने नंबराबरोबर एक खोलीही द्यावी, अर्ध्या तासापुरती.

शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने वेगळंच करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटी, गरज पडली तर पेशंटच्या घरी. नैराश्याने हातपाय गाळून बसलेल्या माणसाला पुन्हा हळूहळू कामाला, माणसांत आणायचं. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा ही जोड मिळालेले पेशंट जास्त सुधारले, असा निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट'ने छापला.

'लॅन्सेट'ला पटलं, आमच्या सोसायटीला नाही. बैठकीत विषय काढला तर पहिला प्रश्न डिग्रीचा. मग कळलं की एसी नाही, सोफा नाही, कोपऱ्यात मनी प्लांटही नाही. सेक्रेटरींनी फी विचारली. फुकट म्हटल्यावर म्हणाले, "मग गुण कसा येणार?" शेवटी एका काकूंनी मोठं मन केलं. आपल्यासाठी नाही, पण धुण्याभांड्याच्या बायकांसाठी असं काही असायला हरकत नाही, म्हणाल्या.

"कधी असतं ते?"

"आठवड्यातून एकदा, सकाळी."

"सकाळी? आधीच आमची महिन्याला दोन खाडे करते. आता मन बरं करायला आणखी चार?"