एक प्रिंटर, तीन भाऊबंद

कार्यालयात विंडोज, मॅक आणि लिनक्स गुण्यागोविंदाने नांदत असतात. लेझर प्रिंटर आला की भाऊबंदकी सुरू. विंडोज ड्रायव्हर मागतं आणि सोबत कुणी न मागितलेली सॉफ्टवेअरंही उतरवून घेतं. मॅकला प्रिंटर लगेच दिसतो. छापतो की नाही, हा वेगळा विषय. लिनक्सवाला शांतपणे टर्मिनल उघडतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उघडाच ठेवतो.

तोडगा तसा जुनाच आहे. यंत्र कुठलंही असो, पानाचं वर्णन एकाच भाषेत करणारी पोस्टस्क्रिप्ट १९८४ पासून आहे. ॲपलच्या लेझररायटरने १९८५ मध्ये तीच भाषा वापरून एक प्रिंटर अनेक संगणकांत वाटूनही दाखवला. पण आपला खरेदी विभाग नेमका सर्वांत स्वस्त प्रिंटर आणतो. त्यात पान रचण्याची अक्कल नसते. ती संगणकाने पुरवायची, तीही बहुधा विंडोजच्याच. वर राउटर त्याला अधूनमधून नवा पत्ता देतो आणि सगळे ‘ऑफलाइन’ म्हणून कपाळाला हात लावतात.

तेव्हा साहेब, सही करण्याआधी पोस्टस्क्रिप्ट किंवा ड्रायव्हरविना छापू देणारं एअरप्रिंट आहे का, ते पाहा आणि प्रिंटरला कायमचा पत्ता द्या. नाहीतर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच. त्याला फक्त पेनड्राइव्ह लागतो.