टेलचे नाना

आमच्या बिल्डिंगमधले नाना शर्टाच्या खिशाला पेन लावत नाहीत, टेस्टर लावतात. त्याचं पिवळं डोकं खिशातून सतत डोकावत असतं. मागे एका मुंजीत आहेराची यादी करणाऱ्यानं त्यांच्याकडे पेन मागितलं. नानांनी सवयीनं टेस्टर काढून दिला आणि त्या बिचाऱ्यानंही घाईघाईत त्यानं 'पाचशे एक' लिहून पाहिलं.

एवढ्यावरून कुणाला वाटेल, नाना वीज बोर्डातून रिटायर झाले. तसं मुळीच नाही. नाना पाटबंधारे खात्यातले. चौतीस वर्षं नोकरी, शेवटची बरीच वर्षं प्रवरेच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. नानांचा जन्म त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. पण धरणाची गोष्ट निघाली की शेवटचा दगड आपणच बसवल्यासारखे बोलतात.

असा माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी असतोच. रिटायर्ड हेडमास्तर लिफ्टपुढेही रांग धरायला लावतो. बँकेतला माणूस वाण्याच्या बिलावर दोनदा बेरीज करून बारीक टिचकी मारतो. नाना नाशिकला राहायला आले ते कालवा बरोबर घेऊनच. त्यांच्या लेखी जगात जे जे वाहतं ते पाणी. मग ती पेन्शन असो, रहदारी असो, नाहीतर वीज.

"दाब म्हणजे व्होल्टेज. विसर्ग म्हणजे अँपियर. वायर म्हणजे चारी. एवढं कळलं की झालं. उगाच कॉलेजात पोरांची चार-चार वर्षं घालवतात."

आम्ही माना डोलवायचो आणि नाना जिना चढून गेले की हसायचो.

बिल्डिंग १९८४ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. जिन्याखाली एका लाकडी फळीवर बारा मीटर, त्यांच्यामागे कोळिष्टकं, आणि तिथून प्रत्येक घराची वायर भिंतीवरून सरपटत वर गेलेली. नाना तिसऱ्या मजल्यावर, पार टोकाच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्या भाषेत, टेलला.

आता टेलचं दुखणं ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. नानांकडे गिझर लावला की देवघरातला बल्ब कावीळ झाल्यासारखा पिवळा पडे. इस्त्री लावली की पंखा दमेकऱ्यासारखा चाले. दुसऱ्या कुणी वायरमनला बोलावलं असतं. नानांनी शेजपाळी लावली, कालव्याच्या पाण्याला लावतात तशी, ज्याची त्याची पाळी ठरवून.

फ्रिजवर तक्ता चिकटला. सहा ते साडेसहा गिझर. साडेसहा ते सव्वासात वॉशिंग मशीन. सव्वासात ते साडेसात इस्त्री. एसी रात्री दहानंतर, 'शिल्लक असल्यास'. माई कधी म्हणायच्या, "अहो, एका ब्लाउजला इस्त्री करायचीय, पाच मिनिटांचं काम."

"आवर्तन चालू आहे. मधेच पाळी फोडता येत नाही."

दिवाळीला जावई आले. त्यांनी सकाळी नऊला गिझरचं बटण दाबलं, तेव्हा नानांनी बाथरूमच्या दाराबाहेरूनच विचारलं, "नमुना नंबर सात भरलाय का?" जावई पुण्याचे. पाणी मागणी अर्जाचा नमुना त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी तसंच गार पाण्यानं उरकलं आणि पुढच्या दिवाळीला 'या वेळी तुम्हीच इकडे या' असा निरोप धाडला.

अशी दोन वर्षं गेली. मग एका संध्याकाळी नाना माझ्या दाराशी उभे. हातात टेस्टर, चेहऱ्यावर विलक्षण तेज.

"चल वर. आमच्याकडे डबल वीज आलीय."

"म्हणजे?"

"प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय. दोन्हीकडे फेज! आणि पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. एवढं पाणी येऊन शेत कोरडं. चौतीस वर्षांत असं पाहिलं नाही."

वायरमन आला तो पंचविशीतला पोरगा. आयटीआय झालेला, एका परवानाधारक ठेकेदाराकडे कामाला. त्याच्याकडे टेस्टरबरोबर मल्टिमीटरही होता, त्यामुळे नानांच्या मनातून तो जरा उतरला. त्यानं वर दोन मिनिटं पाहिलं, खाली जिन्याखाली पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "नाना, डबल वीज नाही. न्यूट्रल गेलाय. इथं जॉइंट जळून तुटलाय. फेज तुमच्या पंख्यातून, बल्बातून पार होतोय, पण त्याला परत जायला वाटच नाही. म्हणून तोच दुसऱ्या भोकात येऊन बसलाय."

आम्ही सगळे नुसतेच बघत राहिलो. नानांचे डोळे मात्र बारीक झाले.

"म्हणजे चारीचं पुढचं तोंड बुजलं, आणि पाणी मागं फुगलं."

पोरगा थांबला. जरा विचार करून म्हणाला, "हो. अगदी तसंच."

त्या क्षणी आम्हा बारा बिऱ्हाडांच्या हसण्याची हवाच गेली. कॉलेजात चार वर्षं घालवलेले दोन इंजिनियर त्या जिन्याखाली उभे होते. त्यांच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं. मी त्यातला एक.

पुढचा पंचनामा मात्र नानांना जड गेला. पोरग्यानं चिनी मातीचा किटकॅट ओढून बाहेर काढला. आत बारीक फ्यूज वायरच्या जागी तांब्याच्या जाड तारांचा पिळा.

"हे कुणी केलं? ह्यात फ्यूज उडणारच नाही. आधी वायर जळेल, मग घर."

नानांनी वाकून पाहिलं. कालव्यावर रात्री गेट फोडणारे कमी पाहिले होते का त्यांनी? अनुभवी आवाजात म्हणाले, "हे रात्रीचं काम दिसतंय."

"अहो, फ्यूज सारखा उडतो म्हणून गेल्या मे महिन्यात तुम्हीच नव्हतं का..." माई जिन्यावरून म्हणाल्या.

नाना फळीवरची कोळिष्टकं मोजू लागले.

पोरग्यानं सगळ्यांच्या वायरी पाहिल्या. चाळीस वर्षांपूर्वीचं चार स्क्वेअरचं अॅल्युमिनियम. ती घातली तेव्हा घरात चार बल्ब, तीन पंखे आणि फार तर एक फ्रिज. आता तीन किलोवॉटचा गिझर एकटाच तेरा अँपियर खातो, दीड टनाचा एसी सातेक, इस्त्री चार-पाच. "सगळं मिळून पंचवीस. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, नाना. त्यात अॅल्युमिनियम मऊ. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, स्क्रूखाली ढिलं पडतं. वर त्याच्यावर गंज चढतो तो वीज जाऊ देत नाही. म्हणून जळतो तो जॉइंट."

"बरोबर. कालवा मधे कधी फुटत नाही. फुटतो तो गेटापाशी."

अर्थिंगची तार कुठं जाते म्हणून शोधली, तर ती पाण्याच्या पाइपला बांधलेली. एकेकाळी ते चालून गेलं असेल, पण लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले त्याला दहा वर्षं झाली होती. म्हणजे आमची अर्थिंग दहा वर्षं प्लास्टिकवर विसंबून होती. ही गोष्ट नानांना आमच्यापेक्षा जास्त लागली. विजेला पाण्यात नेऊन सोडायची सोय झाली होती, ती आपल्या देखत बुजली आणि आपल्याला पत्ता नाही!

रविवारी मीटिंग झाली. मुद्दा एकच, ही वायर कुणाची? तळमजल्याचे म्हणाले, "बोर्डाची. बोर्ड बदलेल." २००५ च्या जूनमध्ये बोर्डाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण लोकांच्या तोंडातून बोर्ड अजून गेलेला नाही. कंपनीच्या माणसानं आधीच सांगितलं होतं, मीटरपर्यंत आमचं, पुढं ग्राहकाचं. आणि प्रत्येक ग्राहक आपली हद्द घरातल्या मेन स्विचपासून धरत होता. मधली पन्नास फूट वायर चाळीस वर्षं बेवारस. तिच्यातून येणाऱ्या विजेवर मात्र बाराही घरांचा हक्क.

"आमची वायर आठ फूट," तळमजला म्हणाला. "तिसऱ्या मजल्याच्या पन्नास फुटांचा भार आम्ही का सोसायचा?"

नाना उठले. शर्ट नीट केला, टेस्टर सारखा केला. "हेडचा माणूस हे असंच बोलतो. त्याच्या बांधाला पाणी लागलं की त्याला कालवा तिथंच संपल्यासारखा वाटतो. मी जन्मभर ऐकलंय." मग त्यांनी निवाडा दिला. वायर ज्याची त्यानं फुटाप्रमाणं घ्यायची. पाइप, मजुरी आणि नवी अर्थिंग सगळ्यांनी सारखी, कारण आग लागली तर ती फूट मोजून लागत नाही. तळमजला गप्प झाला. मीटिंगमध्ये ठराव एकमतानं मंजूर होण्याची ही आमच्याकडची पहिलीच वेळ.

काम दोन दिवस चाललं. दोन्ही दिवस नाना जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर. मांडीवर एक जुनी लांब वही, शेजारी चहा. मीटरच्या तोंडाला कंपनीचं सील होतं. पोरगा म्हणाला, "ह्याला मी हात लावणार नाही. कंपनीचा माणूस येऊन उघडेल, आणि काम झालं की परत लावेल." तेव्हा तो नानांच्या मनात एकदम चढला. गेटाच्या कुलपाचा मान राखणारा माणूस त्यांना नोकरीत फार भेटला नव्हता. त्या दिवसापासून 'अरे ए' चा 'बाळा' झाला.

दहा स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरी नव्या पाइपांतून वर चढल्या. टोकांना लग दाबून बसले. किटकॅट गेले, एमसीबी आल्या, घरोघर गळती पकडणारी आरसीसीबी लागली. तीस मिलिअँपियर वीज जरी भलतीकडे गेली तरी ती खटकन बंद होते, असं कळल्यावर नाना बराच वेळ तिच्याकडे टक लावून उभे होते. "एवढीशी गळती कळते हिला? आम्हाला आख्खा ओढा कळायचा नाही."

शेवटी सप्लाय सुरू झाला. सगळी फौज तिसऱ्या मजल्यावर. पोरग्यानं गिझर लावला, एसी लावला, मग माईंकडे बघून म्हणाला, "काकू, इस्त्री लावा."

माईंनी आधी नानांकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या तक्त्याकडे. दुपारचे चार वाजले होते. ही पाळी कुणाचीच नव्हती. त्यांनी बटण दाबलं. देवघरातला बल्ब होता तसाच राहिला.

"किती?" नानांनी विचारलं.

"दोनशे अठ्ठावीस."

"खाली मीटरपाशी?"

"दोनशे तीस."

नानांनी मनात हिशेब केला. "दोनच गेले वाटेत," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे एवढं तर चारीच्या तोंडाशीच मुरायचं." आणि खाली बसले. नेहमी व्याख्यान सुरू होतं ती ही जागा होती, पण झालं नाही.

त्यांनी ती लांब वही उघडली. पानावर हातानं रकाने आखलेले होते. चारी, लांबी, विसर्ग, आणि शेवटी 'टेलला पाणी पोहोचल्याबद्दल लाभधारकाची सही'.

"हा रकाना कधी खरा भरला गेला नाही," नाना म्हणाले. "नियम आधी टेल, मग हेड असा. पण पाणी काही नियम वाचून येत नाही. मग मीच लिहायचो, 'समक्ष पाहिले'. एकदा एका म्हाताऱ्याकडे वही धरली, तर तो म्हणाला, सही मागून द्यीन साहेब, आधी पाणी दावा." ते हसले, पण हसू नेहमीचं नव्हतं. "त्याला म्हटलं, येईल, येईल."

गिझरमध्ये पाणी गुरगुरत होतं. माई ब्लाउजला इस्त्री करत होत्या आणि ते झाल्यावर साडीलाही करणार, असा त्यांचा नूर दिसत होता.

नानांनी सहीसाठी खिशात हात घातला. टेस्टर निघाला. त्याच्याकडे क्षणभर पाहून त्यांनी तो परत ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

"पेन दे रे. लाभधारक मीच आहे."