मानाचं दुखणं

दुखण्यांमध्येही उतरंड असते. साप चावलेल्या माणसाला जीपमध्ये घालून नेतात, मागे पाच-सहा मोटारसायकली धावतात, आणि तो बरा होऊन आला की महिनाभर पारावर त्याचीच गोष्ट चालते. विंचू चावला तर निदान मंत्र घालणारा येतो. साध्या मलेरियालाही शहाळं मिळतं. सुरवंट लागलेल्या माणसाला मात्र लोक आधी हसतात, मग "कुठे लागला?" असं विचारतात, आणि उत्तर ऐकून पुन्हा हसतात.

मी चौकला राहतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कर्जतची वाट फुटते ते चौक. वर माथेरानचा डोंगर, अलीकडे इर्शाळगडाचा सुळका, आणि जूनपासून या सगळ्यावर मांडी ठोकून बसलेला पाऊस. हे नेताजी पालकरांचं गाव. ज्या गावाने स्वराज्याला सरनोबत दिला, त्या गावात बोटभर अळीपुढे हातपाय गाळणं शोभत नाही, असं मला आळीतल्या प्रत्येकाने सुनावलं आहे. सुनावणारे स्वतः श्रावणात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कॉलरचं बटण लावून फिरतात.

आमच्याकडचं सुरवंटांचं मुख्य ठाणं म्हणजे शेजारच्या काकींचा शेवगा. पाऊस सुरू झाला की पतंग बाहेर पडतात, अंडी घालतात, आणि बघता बघता झाडाच्या खोडाला दाढी आल्यासारखी दिसू लागते. जवळ गेलं की ती दाढी हलते. शास्त्रज्ञ या अळीला युप्टेरोटे मोलिफेरा म्हणतात. काकी जे म्हणतात ते छापता येणार नाही. दिवसा ही मंडळी खोडावर एकमेकांना खेटून बसतात आणि रात्री वर जाऊन पाला फस्त करतात. झाड तोडा म्हणावं, तर आळीभर आमटीत शेंगा कुणाच्या पडतात हा प्रश्न येतो. त्यामुळे शेवग्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही.

मी त्या झाडाला बोटही लावलं नव्हतं. माझं बनियन मात्र त्याच्याजवळच्या दोरीवर वाळत होतं. पावसाळ्यात चौकला कपडे वाळणं हा योग असतो. उघडीप मिळाली म्हणून कुणीतरी उत्साहाने बाहेर टाकलेलं. सुरवंटाचे केस वाऱ्यावर उडतात आणि कपड्यात रुततात. अळी मेली, वाळली, तिचा पतंग होऊन उडून गेला, तरी त्या केसांचा गुण जात नाही. ते बनियन घालून मी पनवेलची एसटी पकडली. शेडुंग यायच्या आत पाठीवर गांधी उठल्या. मी सीटच्या पाठीला पाठ घासू लागलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या पिशवीकडे पाहिलं, आणि पनवेलपर्यंत उभं राहून जाणं पसंत केलं.

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण: सुरवंट. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि फुलपाखरू झालं की या म्हणाले.

संध्याकाळी अंगणात सभा भरली. काकींनी आमसुलाचं पाणी आणलं, कारण अंगावर काहीही उठलं की त्यांच्या मते ते पित्तच. एका दादाने चुना सुचवला, दुसऱ्याने शेणाचा लेप. पलीकडच्या आजी घोंगडी घेऊन आल्या. "घास जोरात. केसाला केस काढतो," असं म्हणून त्या स्वतःच सुरू झाल्या. आणखी एकाने डोक्याचे केस घासायला सांगितलं. पण ते साहित्य माझ्याकडे शिल्लक नाही, आणि उसनं द्यायला कुणी पुढे येईना.

या सगळ्या उपायांत घासणं आलंच, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. सुरवंट चावत नाही. त्याच्या केसांना उलटे काटे असतात. ते कातडीत घुसून तिथेच मोडतात आणि त्यांच्यातली प्रथिनं आपल्या शरीराला चेतवतात. मग शरीर हिस्टामीन सोडतं आणि आपण नखं सोडतो. जितकं घासाल तितके केस आत. म्हणून आधी त्या जागेवर चिकटपट्टी लावून हलकेच ओढायची, नवी पट्टी घेऊन पुन्हा ओढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, कपडे बदलायचे, बर्फ नाहीतर कॅलामाइन लावायचं. डोळ्यात केस गेला, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर अंगणातली सभा तशीच सोडून सरळ दवाखाना गाठायचा. मी दुकानात चिकटपट्टी मागितली. दुकानदाराने विचारलं, "पार्सल केवढं आहे?" मी पाठ दाखवली. त्याने सगळ्यात रुंद पट्टी काढून दिली.

काकींच्या मुलाचा मात्र चिकटपट्टीवर विश्वास नव्हता. त्याने बांबूला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेल ओतलं आणि पेटता टेंभा खोडावर फिरवला. सुरवंट जळाले, पण गरम हवेबरोबर त्यांचे केस वर उडाले आणि आळीभर पसरले. त्या रात्री मला सुनावणारे सगळे आपापल्या ओट्यावर पाठ खांबाला लावून बसले होते. मी चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन घरोघर फिरलो. इतका आदर मला आळीत पूर्वी कधी मिळाला नव्हता.

परदेशात या खाजेची कदर आहे, हे मला नंतर वाचून कळलं. 1782 साली लंडनच्या आसपास तपकिरी शेपटीच्या पतंगाच्या अळ्या झाल्या, तेव्हा लोकांना साथीची भीती वाटली, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, आणि अळ्यांची जाळी गोळा करून आणणाऱ्याला टोपलीमागे एक शिलिंग मिळू लागला. विल्यम कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लोकांची भीती घालवायला त्याच वर्षी पुस्तिका लिहिली. (शिलिंगाच्या भावाने काकींचा शेवगा म्हणजे इस्टेट.) फ्रान्सच्या फाब्र या कीटकशास्त्रज्ञाने तर हौसेने खाज ओढवून घेतली. पाइनवरच्या अळ्यांनी टाकलेल्या काती ईथरमध्ये भिजवल्या, तो अर्क टीपकागदावर घेतला आणि स्वतःच्या हाताला बांधून ठेवला. खाज सुटल्यावर त्याला आनंद झाला, कारण प्रयोग यशस्वी ठरला. एवढ्यावर थांबेल तो फाब्र कसला? पुढे त्याने अळ्यांच्या लेंड्यांचाही अर्क लावून पाहिला. आणि दक्षिण ब्राझीलमधली लोनोमिया नावाची अळी तर हसण्यावारी नेण्यासारखी नाहीच. तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, माणसं दगावतात. साओ पाउलोची बुटांटान संस्था तिच्यावर सापाच्या प्रतिविषासारखं प्रतिविष बनवते.

आमच्याकडे सुरवंटाची खरी किंमत कळते ती पावशाला आणि चातकाला. केसाळ अळ्या हे त्यांचं आवडतं जेवण. कवींनी चातकाला थेंबावर उपाशी बसवलं. प्रत्यक्षात तो पावसाबरोबर येतो आणि भरपेट सुरवंट खातो.

मग 2022 चा सप्टेंबर आला आणि महाराष्ट्रात एका अळीला परदेशातल्यासारखा मान मिळाला. बीड, सोलापूर भागात उसाच्या पानांवर हिरवी, काटेरी अळी दिसली. तिचे काटे लागून शेतकऱ्यांना भयंकर वेदना झाल्या, काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं. लोक तिला घोणस अळी म्हणू लागले. ही लागली की माणूस पाच मिनिटांत मरतो, असे निरोप मोबाइलवर फिरले. तसं काही नसतं, हे कृषी विद्यापीठांच्या तज्ज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्या शेतकऱ्यांचं दुखणं खरंच मोठं होतं. पण मला त्या नावाचा हेवा वाटला. आमच्या सुरवंटाने पिढ्यान्‌पिढ्या आळी खाजवत ठेवली, त्याला असं भारदस्त नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाठीवर पुन्हा गांधी उठल्या. या वेळी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "घोणस". पुढे "अळी" लिहायचं होतं, पण ओळ संपली. रजा तत्काळ मंजूर झाली. तासाभरात साहेबांचा फोन आला. आवाज कापरा होता. कुठल्या दवाखान्यात ठेवलंय, सगळा स्टाफ शहाळी घेऊन निघालाय, असं ते म्हणत होते. मी काकींकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "आधी अंगावर चादर ओढ. आणि ते आले की खाजवू नको."