भागाकारातून गाळलेली माणसं

कंपन्यांचे वार्षिक अहवाल कुणी वाचत नाही. कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणून तर सगळ्यात बोचरा आकडा मागे, परिशिष्टात सापडतो.

कंपनी कायदा 2013, कलम 197. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने दरवर्षी सांगायचं की प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. मधला म्हणजे पगारांची उतरंड लावली की बरोब्बर मध्यभागी येणारा.

इन्फोसिसने 2024-25 साठी सांगितलं, 752 पट. सीईओ सलील पारेख यांना त्या वर्षी 80.62 कोटी रुपये मिळाले.

दिवसाला 22 लाख. रविवार धरून.

आयटीत नव्याने लागणाऱ्या इंजिनिअरचं पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय. त्याच्या वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम तिकडे चार तासांत जमा होते. हिंजवडीतलं खोलीभाडं दहा वर्षांपूर्वी किती होतं आणि आज किती आहे? महागाई फक्त वरच्या मजल्यावरच पोहोचते का?

‘त्यातला मोठा भाग शेअरचा आहे,’ असं लगेच ऐकवलं जातं. खरं आहे. पण तो शेअर चढतो कुणाच्या रात्रपाळीवर?

2017 मध्ये याच कंपनीच्या सीओओंची पगारवाढ नारायण मूर्तींना खटकली होती. बहुतेकांना 6 ते 8 टक्के वाढ देताना वरच्या एकाला 60-70 टक्के देणं योग्य नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. ठराव तरीही मंजूर झाला. संस्थापकाचं कुणी ऐकलं नाही, तिथे प्रोजेक्टची वाट बघत ‘बेंच’वर बसलेल्या पोराचं कोण ऐकणार?

‘गुणी माणसं टिकवायची तर पैसे मोजावे लागतात.’ मान्य. मग गुणी वेल्डर टिकवायला का लागत नाहीत?

2023-24 मध्ये बड्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या 1.5 टक्क्याने. हा आकडा कुठल्या कामगार संघटनेच्या पत्रकातला नाही. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतला आहे.

वरच्यांना कायद्याने मर्यादा आहेच. सगळ्या संचालकांचं मानधन मिळून निव्वळ नफ्याच्या 11 टक्के. ती ओलांडायला पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागायची, 2018 मध्ये ती अट गेली. आता भागधारकांच्या सभेची मंजुरी पुरते.

त्या सभेत कामगाराला मत नाही.

आता खरी गोम. 752 हा आकडाही नरमच आहे.

चाकण, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत पाळी बदलताना गेटवर उभं राहा. ठेकेदाराच्या गाडीतून उतरलेला पोरगा पर्मनंटच्या शेजारी, त्याच लाइनवर, तेच काम करतो. पगार कितीतरी कमी. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’, म्हणजे घरी. तिथल्या कंपनीच्या अशाच गुणोत्तरात हा पोरगा कुठे आहे?

कुठेच नाही. कागदोपत्री तो कंपनीचा नाही, ठेकेदाराचा आहे.

आणि हे चार-दोन पोरांचं प्रकरण नाही. सरकारच्याच उद्योग पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दहातले चार कामगार कंत्राटी आहेत.

हिशोब बघा. झाडलोट, कॅन्टीन, सिक्युरिटी, लोडिंग, सगळं ठेकेदाराकडे ढकललं की यादीतले कमी पगारवाले गळतात आणि मधला माणूस आपोआप वर सरकतो. कुणाचाही पगार एका रुपयाने न वाढवता गुणोत्तर सुधारतं. जितकी माणसं बाहेर काढाल, तितकी कंपनी न्यायी दिसते!

‘अमेरिकेत तर याहून वाईट आहे.’ आहेच. स्टारबक्सने 2024 साठी 6,666 पट जाहीर केलं. पण तिथल्या नियमात कंपनीचा अर्धवेळ कर्मचारीही धरावा लागतो. कॉफी करणारा पोरगा त्या हिशोबात आहे, आपला लोडिंगवाला नाही. मग लाज कुणी वाटून घ्यायची?

खालच्यांचा पगार कसा ठरतो, तेही बघा. 2019 मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने राष्ट्रीय किमान वेतन दिवसाला 375 रुपये सुचवलं. सरकारने 176 चे 178 केले.

वाढ, दोन रुपये. वरच्यांचा पगार ठरवताना बाजारभाव बघतात. खालच्यांचा ठरवताना सरकारने स्वतःच्या समितीकडेही बघितलं नाही.

कुणी म्हणेल, सगळ्यांना सारखा पगार द्यायचा का? तसं कुणीच मागत नाही. जबाबदारी मोठी, तर पगार मोठा असावा. पण किती मोठा, हे ठरवायचं तर आधी मोजमाप खरं हवं. इतकी माणसं गाळून केलेला भागाकार शाळेत मास्तर चूक धरतात. कंपनीच्या अहवालात तो चालतो कसा?

मोजणं अवघड आहे, हे कारण सांगू नका. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमामुळे बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्या आपल्याकडे कंत्राटी किती, हे दरवर्षी लिहून देतात. डोकी मोजता येतात, तर त्यांचे पगारही मोजता येतील. बिलं तर कंपनीच भरते.

तेव्हा सेबीने एवढंच करावं. गेटमधून कामाला आत येणारा प्रत्येक माणूस त्या गुणोत्तरात धरायला लावावा. आणि जो आकडा येईल तो परिशिष्टात नाही, अहवालाच्या पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या फोटोखाली छापायला लावावा.