आयत्या वेळचे विषय

अहो वहिनी, आलात का माहेरून? रात्री शेवटच्या एस्टीने आलात ना? दिवा दिसला मला. म्हटलं, दमल्या असतील, सकाळी हाक मारू. या जरा गडग्यापाशी. मी आपली ही आमसुलं उन्हात पसरते नि बोलते. बसून बोललं की आमचे हे आतून खाकरतात.

आपल्या वाचनालयातल्या लेखकमंडळींची वार्षिक सभा झाली ना शनिवारी, आणि तुम्ही नेमक्या नव्हतात. मी काही बोलत नाही म्हणा, पण अशी सभा पुन्हा व्हायची नाही.

नोटीस पाच वाजताची. पाचाला हजर कोण? मी, चिटणीस आणि वड्यांचं पातेलं. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि साडेपाचला त्याच जागी पुन्हा सुरू, तेव्हा गणपूर्तीची गरज नाही. हे सगळं नोटिशीतच छापलेलं असतं. म्हणजे पाचाला कोणी फिरकणार नाही हे छापणाऱ्यालाही ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं. त्यात एक ओळ होती, सौ. अमुक यांनी मांडलेली सूचना सर्वानुमते फेटाळण्यात आली. ती सौ. अमुक म्हणजे मी. काय मागितलं होतं मी? वडे भाषणाच्या आधी द्या, एवढंच. थंडगार वडा खाऊन कोणाचं साहित्य वाढतं हो?

तर यंदा खर्चकपात निघाली. रंगीत छत्रीवाले खजिनदार म्हणाले, चहा बंद करू, वर्गणी कोणी देत नाही. झालं! मास्तर उठले. मास्तर उठले की निदान शंभर वर्षं मागे जाऊन येतात. म्हणाले, पुण्यातलं रविकिरण मंडळ घ्या. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी एकेक माणसं. 1923 साली त्यांचा ‘किरण’ निघाला. रविवारी जमायचे, चहा घ्यायचे आणि एकमेकांना कविता म्हणून दाखवायचे. त्या चहावर मराठी काव्यगायन उभं राहिलं आणि तुम्ही दहा रुपयांच्या साखरेकडे बघता? टाळ्या पडल्या. सातजण होते म्हणून त्यांना सप्तर्षी म्हणत, आणि त्यांच्यातल्या मनोरमाबाई रानडे म्हणजे अरुंधती. आता तो चहा कोण करत होतं, ते मात्र मास्तरांनी सांगितलं नाही. मी विचारणार होते, पण ह्यांनी कोपरानं ढोसलं.

चहा वाचला. मग बँकेतले साहेब उभे राहिले. त्यांचा पाचवा कवितासंग्रह येतोय आणि मंडळाच्या निधीतून थोडा हातभार लागावा, अशी त्यांची नम्र विनंती. पहिल्या चार संग्रहांचं काय झालं ते त्यांच्या मंडळींनी मला पाणवठ्यावर सांगितलंय. पलंगाखाली गठ्ठे आहेत. केरसुणी आत जात नाही. कोणाचं लग्न असो, मुंज असो, आहेरात साहेबांचा संग्रह. परवा एका बारशात सुद्धा दिला, समुद्रावरच्या कवितांचा. साहेब आयुष्यात होडीत बसलेले नाहीत, भरती बघून त्यांना मळमळतं.

त्यावर मास्तरांनी आपल्या मालगुंडच्या केशवसुतांचं काढलं. बिचारा शाळामास्तर माणूस. 1905 साली हुबळीला प्लेगने गेला, वय अवघं 39. हयातीत एक संग्रह निघाला नाही. पुढे हरि नारायण आपट्यांनी कविता गोळा करून छापल्या. सभेत शांतता पसरली. साहेब म्हणाले, “तेव्हा छपाई महाग असेल.” त्यांना लागतच नाही हो काही. तीच त्यांची ताकद.

मालगुंडची सहल यंदाही ठरलीय, पाऊस सरला की. तुम्ही या. गणपतीपुळ्याला जाऊन पुढे चार पावलं टाकत नाहीत लोक. केशवसुतांचं जन्मघर आहे, स्मारक आहे. मधु मंगेश कर्णिकांनी 1991 मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद काढली, त्या परिषदेने ते उभं केलं आणि कुसुमाग्रजांनी उद्घाटन केलं. गेल्या खेपेला तिथल्या पायरीवर बसून सगळ्यांनी सुनीत लिहायचं ठरलं. चौदा ओळींची कविता, मराठीत ती केशवसुतांनीच आणली म्हणे. साहेबांच्या अकरा झाल्या आणि गाडीचा हॉर्न वाजला. ते अकरा ओळींचं सुनीतच संग्रहात छापतायत. खाली टीप टाकणारेत, ‘वाहनाअभावी अपूर्ण’. वाहन तर होतं, तेच नडलं!

हां, ती बरणी सरकवा जरा, तुमच्या बाजूला सांडेल रस.

पण खरं काम झालं ते जानेवारीतल्या कार्यशाळेत. पुण्याहून बाई आल्या होत्या, आठवतंय ना, तुम्ही मागच्या बाकावर होतात. सकाळी अभंग शिकवला. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या नि तिसऱ्या चरणाचं यमक. अख्खा हॉल बोटांवर मोजत बसलेला, जणू सगळ्यांनाच एकदम व्याजाचा हिशोब लागलाय. जोडाक्षर एकच धरायचं म्हटल्यावर प्राथमिकच्या गुरुजींनी हरकत घेतली. ‘स्त्री’ लिहायला एवढे कष्ट पडतात आणि मोजायची एकच? बाई हसल्या. त्यांना काय उत्तर देणार?

मग त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचं सांगितलं. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी गावोगाव हिंडून बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. लाखाच्या वर, वहिनी! बाई म्हणाल्या, तुमच्यात येतात का कोणाला? मी म्हटली एक, सासूबाईंची. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. आणि साहेब मागून म्हणतात, “दुसऱ्या चरणात लय अडखळते.” माझ्या सासूच्या ओवीत! ती बाई पहाटे चार पायली दळायची त्या लयीवर. साहेबांना मिक्सर लावता येत नाही.

बाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या की 2025 च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष होत्या ताराबाई भवाळकर, आणि त्यांचा जन्म याच अभ्यासात गेला, बायकांच्या ओव्या-गाण्यांच्या. आता माझी जीभ आवरेना. विचारलं, बायका किती झाल्या अध्यक्ष? दिल्लीपर्यंत 98 संमेलनं झाली, त्यात सहा. 1961 ला ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे, मग कराडला दुर्गाबाई भागवत, आळंदीला शांताबाई शेळके, इंदूरला विजया राजाध्यक्ष, यवतमाळला अरुणा ढेरे आणि ह्या ताराबाई. एक हात संपून दुसऱ्या हाताचं एक बोट लागतं. मी काही बोलत नाही म्हणा.

दुपारी गोष्टींची पाळी. बाईंनी सगळ्यांचा पहिला परिच्छेद खोडून टाकला. सरसकट! सगळ्यांच्यात सूर्य उगवत होता. म्हणाल्या, सूर्य आपोआप उगवतो, तुम्ही माणूस आणा. मग म्हणाल्या, आता घरी जा, ठेवून द्या, पुन्हा लिहा, पुन्हा ठेवून द्या. मला ते लगेच उमगलं. आमसुलांना रसाची पुटं देतो ना आपण? एका पुटात खाल्लं तर नुसतं साल. साहेबांना नाही उमगलं. ते म्हणाले, “मी एकटाकी लिहितो.” दिसतं ते.

आता मुख्य विषय. सभेच्या भाषेत आयत्या वेळचा, अध्यक्षांच्या परवानगीने.

कथास्पर्धेचा निकाल. यंदा फार कडक केलं होतं. गोष्टीवर नाव नाही, नुसतं टोपणनाव. खरं नाव वेगळ्या पाकिटात, डिंकाने चिकटवून. परीक्षक चिपळूणचे, इथलं कोणी ओळखीचं नाही. तरी साहेबांनी गोष्टीत बँकेच्या लॉकरची किल्ली घातलीच होती, ओळख पटावी म्हणून. त्यांना उत्तेजनार्थ. तोंड असं झालं होतं, कच्चा रातांबा चावल्यासारखं.

पहिला नंबर ‘गडग्यापलीकडे’. परीक्षकांनी ती मोठ्याने वाचली. दोन घरं, मध्ये चिऱ्याचा गडगा, हद्दीवरून दोन जावांचं अठरा वर्षांचं वैर. आणि एक शेजारीण आहे त्यात, दोन्हीकडची बातमी पोचवणारी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणते, मी काही बोलत नाही म्हणा.

वहिनी, सगळा हॉल माझ्याकडे वळला. आमचे हे सुद्धा! ते हसायला लागले की त्यांचे खांदे हलतात, ते हलत होते.

मग पाकीट फोडलं.

पदर कशाला तोंडाला लावताय? बसा तिथे चिऱ्यावर. विजेती गैरहजर म्हणून चिटणीसांनी प्रमाणपत्र नि बक्षीस माझ्याकडे दिलंय. शेजारीण म्हणून. हे घ्या. शाल आहे, नारळ आहे, आणि पाकिटात 501 रुपये. मी मोजले नाहीत, उजेडात धरून बघितले.

रागावले? कशाला रागावू? माझं बोलणं तुम्ही जसंच्या तसं उतरवलंत, एक वेलांटी चुकली नाही. तुम्ही भेंडीला पाणी घालता घालता मध्येच घरात का पळता, ते आता कळलं. मला वाटायचं दूध उतू जातंय.

पण दोन गोष्टी सांगते. एक, तुमच्या धाकट्या जावेने पापलेटात तिरफळं घातलीत. तिरफळं बांगड्यात घालतात. परीक्षक चिपळूणचे असून त्यांना कळलं नाही, म्हणजे ते जेवायला बसतात, रांधत नाहीत. दुसरी मोठी. तुम्ही शेवटी समेट केलात. पावसात गडगा कोसळतो, दोघी जावा रडतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात. अहो, कधी? मी गेली चाळीस वर्षं त्या दोघींना बघतेय. गडगा कोसळला होता हे खरं. दुसऱ्या दिवशी मोठीने चिरे मोजून आपल्या बाजूचे वेचून नेले आणि धाकटीने तिथे रातोरात शेवगा लावला. आता शेंगा मोठीच्या अंगणात पडतात आणि ती त्या झाडून परत पलीकडे टाकते. आमटी करत नाही! शेवग्याची शेंग टाकणारी बाई कोकणात दुसरी दाखवा मला. हे सोडून तुम्ही गळामिठी लिहिलीत. बक्षीस मिळतं हो तसल्यावर, टाळ्या पण पडल्या. पण मला मागच्या रांगेत बसून चुटपुट लागली.

पुढच्या वर्षी द्या ना खरी. नाहीतर दिवाळी अंकाला पाठवा, पाऊस लागायच्या आत पाठवायला हवी. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादकांना कोकणातला पाऊस लागतो. तुम्ही शेवगा द्या.

आणि अजून एक आहे, त्याच घरातलं. ते मी आजवर कोणाला बोललेली नाही. हद्दीचा मूळ दगड कोणी हलवला, माहितीय? सासऱ्यांनी नाही. ज्याने हलवला तो सध्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे, कविता करतो, आणि—

थांबा. फाटकापाशी धाकटीच आलीय, हातात ताटली आहे. तुमचं अभिनंदन करायला असणार. भेंडी बघतोय असं दाखवा. ती वही आधी आत ठेवा, वहिनी, आत! अगं ये ये, तुझंच नाव काढलं होतं आत्ता.